मावळतीकडची रिंग

महावीर कांतीलाल छाजेड हा धुळ्याच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात चार वर्षं होता, आणि चार वर्षांत एकदाही मॅचमध्ये मैदानात उतरला नव्हता. सरावाला मात्र रोज. चुन्याच्या रेघा मारायला, चेंडूत हवा भरायला, लिंबं कापायला हा सगळ्यांच्या आधी हजर. मॅचची शिट्टी वाजली की याची जागा बाकावर. आता बाकावर बसणं ज्याला जमतं त्याला जमतं. महावीरच्या अंगात ते नव्हतंच. बसला की त्याचा उजवा पाय हलायला लागे, मग डावा, मग अख्खा बाक. शेजारचा ओरडायचा, "अरे शेठ, धरणीकंप थांबव!" घरी आई चंदनबाई ओरडायची, की मांडी हलवू नको, घरातली लक्ष्मी निघून जाते. कापसाच्या अडत्याच्या घरात लक्ष्मीचं नाव निघालं की सगळे चूप होतात. महावीर मांडी थांबवायचा आणि बोटं वाजवायला लागायचा.

आता हा संघ तरी काय होता, तेही सांगायला पाहिजे. बासष्ट साली कॉलेजला पुण्याहून नवे प्रिन्सिपॉल आले आणि पहिल्याच भाषणात म्हणाले, की कबड्डी-खोखो पुष्कळ झालं, आता बास्केटबॉल. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण तो खेळ कोणी बघितला होता? पी.टी.चे बोरसे सर त्यातल्या त्यात जाणकार, कारण त्यांनी त्याचा फोटो पाहिला होता. ते लोहाराकडे गेले आणि दोन कडी करायला सांगितली. लोहारानं विचारलं, "यातून काय जायचं?" सर म्हणाले, "चेंडू." लोहार भला माणूस. त्याने चेंडू अडकू नये म्हणून असं ऐसपैस कडं वळवलं, की त्यातून दोन चेंडू गप्पा मारत जावेत. पोरं वर्षभर त्यावर नेम धरायला शिकली. मग जळगावला स्पर्धेला गेली, तर तिथल्या नियमाच्या रिंगेतून एक चेंडू आत जाईना. सगळे कडेवर आपटून माघारी. त्या वर्षी धुळ्याचे गुण चार झाले. जळगावचे किती झाले ते बोरसे सर कधी कोणाला सांगत नसत.

दुसऱ्या वर्षी कडी लहान करून घेतली. तिसऱ्या वर्षी उगवतीकडचा खांब वाळवीनं पोखरला आणि एका वावटळीत आडवा झाला. तो पुन्हा काही उभा राहिला नाही. दरवर्षी कॉलेज म्हणे, पुढच्या वर्षी बघू. बोरसे सर म्हणत, "एका रिंगेवर जो शिकला तो दोन्हींवर खेळेल." ऐकायला बरं वाटतं हे. तेव्हापासून धुळ्याचा सराव एकाच रिंगेवर, मावळतीकडच्या. रोज संध्याकाळी चेंडू हातात आला की तोंड मावळतीकडे करायचं, डोळे बारीक करायचे आणि सूर्याच्या अंगावर धावून जायचं. पोरांची गंमत अशी, की ढगाळ दिवशी त्यांचा नेम चुकायचा.

आणि दरवर्षी जळगाव हरवायचं. विभागातून पुढं जायचं तर जळगावची वेस ओलांडावी लागे आणि धुळ्याचा संघ तिथेच अडखळून पडे. कधी वीस गुणांनी, कधी दहा. पोरं बदलली, सदरे बदलले, हार तीच. परत येताना एस.टी.त कोणी कोणाशी बोलायचं नाही, पारोळ्याचा थांबा आला की चहा प्यायचा आणि बोरसे सरांनी म्हणायचं, "खेळ चांगला झाला." हा आपला इतिहास.

महावीर यात शिरला तो पहिल्या वर्षाला असताना. उंची बेताची, पण पाय असे, की त्याच्या मागे धावायचं म्हणजे ससा पकडायचा. सरावात तो कोणाच्याही हातातून चेंडू काढून घ्यायचा. पण संघातले बाकीचे सगळे शिरपूर-शिंदखेड्याकडचे उंच धिप्पाड गडी, ते एकमेकांना डोळे मिटून चेंडू द्यायचे. मॅचच्या वेळी बोरसे सरांना धीर व्हायचा नाही. "पुढच्या मॅचला नक्की," म्हणायचे. बिचारे खोटं बोलत नव्हते. त्यांना दरवेळी खरंच तसं वाटायचं.

पहिल्या वर्षी जळगावहून हरून घरी आला तेव्हा आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "तू किती केलेस?" आता काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, "सहा." आई खूश. तिने वडिलांना सांगितलं. वडील कांतीलालशेठ, मोजकं बोलणारा माणूस, त्यांनी नुसतं "हं" केलं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात गादीवर बसल्या बसल्या त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, की आमचा महावीर कॉलेजकडून खेळतो. बोलता बोलता त्या सहाचे साठ झाले. चार वर्षांत महावीरनं घरी इतक्या मॅचा जिंकल्या, की तितक्या विद्यापीठानं भरवल्यासुद्धा नसतील. खोटं बोलणं सोपं असतं, ते सांभाळणं अवघड. मॅचहून परतताना तो स्टँडच्या मागे जाऊन आपल्या कोऱ्या सदऱ्याला मूठभर माती फासायचा. त्या वेळी त्याला स्वतःची फार लाज वाटायची.

आणि आता शेवटचं वर्ष. सत्तर सालचा डिसेंबर. उन्हाळ्यात बी.कॉम. झालं की त्याने दुकानात बसायचं हे ठरलेलं. बसायचं! हा एक शब्द त्याला रात्रंदिवस छळत होता. बाकावरून उठायचं ते थेट गादीवर जाऊन बसायचं, तक्क्याला टेकून, आणि मरेपर्यंत तिथून हलायचं नाही. एकदा, एकदाच, बसायच्या आधी पळायला मिळालं पाहिजे. एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते मिळायची ही शेवटची मॅच होती.

त्यात घरी बॉम्बगोळा पडला. मॅचच्या आदल्या दिवशी कांतीलालशेठ जेवताना म्हणाले, "उद्या माझं जळगावला सरकीचं काम आहे. तुझी मॅच चारला ना? बघतो अर्धा तास."

महावीरनं हातातला घास परत ताटात ठेवला. "बाऊजी, तुमची ब्याळू चुकेल."

ब्याळू म्हणजे सूर्य मावळायच्या आतलं जेवण. त्यानंतर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. छाजेडांच्या घरात इतर गोष्टी मागेपुढे होत, ही होत नसे. कांतीलालशेठ लग्नाच्या वऱ्हाडातून उठून ब्याळूला गेलेले, रेल्वेत बसून बरोबर पाच वाजता डबा सोडणारे. ते शांतपणे म्हणाले, "चुकत नाही. साडेपाचला तुझ्या आत्याकडे जाणार. झमकूबाईला निरोप गेलाय."

महावीरला त्या रात्री झोप लागली नाही. कूस बदलून बदलून त्याने गोधडीचा बोळा केला. आपण चार वर्षं खोटं बोललो हे बाऊजींना उद्या भर मैदानात, चार व्यापाऱ्यांच्या देखत कळणार. मारणार नाहीत, ओरडणारही नाहीत. फक्त "हं" म्हणतील. त्या "हं"ची त्याला फार भीती वाटत होती.

सकाळी एस.टी.त तो बोरसे सरांच्या शेजारी जाऊन बसला. "सर, आज मला उतरवा. पाच मिनिटं उतरवा. वडील येताहेत."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अरे, यंदा आपण जिंकू शकतो महावीर. पहिल्यांदा. बघू आपण. गुण पुरेसे वाढले, की बघू."

मग तो मागच्या बाकावर कप्तानाकडे गेला. अभिमन, शिरपूरजवळच्या एका खेड्यातला, सहा फूट दोन इंच, हात असे लांब की बसल्या जागेवरून एस.टी.ची घंटा वाजवावी. यंदा धुळ्याला आशा होती ती या एका माणसामुळं. अभिमननं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "इतलंच ना? आपन जिकसूत, शेठ. वीस गुन वर गऊत का शेवटला पाच मिनिटं तुले देसू. मन्हा शबद शे."

महावीरच्या जिवात जीव आला. आता फक्त संघानं वीस गुणांनी पुढं जायचं होतं.

पण जळगावला पोचल्यावर मैदान राहिलं बाजूला आणि त्यांना नेलं मळ्यात. जळगावचा कप्तान प्रल्हाद चौधरी, त्याच्या घरचा मळा शहराला लागूनच होता. हिवाळ्याचे दिवस, वांगी भरात, आणि पाहुणे आलेत म्हटल्यावर जळगावकर भरिताशिवाय सोडतात होय? बांधावर कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ चाललेला, त्यात हिरवी वांगी भाजून काळी पडलेली. बायका ती सोलून, मिरच्या-लसूण घालून लाकडी मुसळानं ठेचत होत्या. वर कांद्याची पात, तेलाची फोडणी. सोबत पुऱ्या, कळण्याची भाकरी, ठेचा. वास असा, की मेलेला माणूस उठून पाटावर बसेल.

पंगत बसली दोन वाजता. मॅच चारला. यात कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. खानदेशात पाहुण्याला पोटभर जेवू घालायचं म्हणजे पोट भरल्यावर पुढं जे जातं ते मोजायचं. आणि दुसरी रीत अशी, की पाहुणे जेवून उठल्याशिवाय यजमान पाटावर बसत नाहीत. जळगावची सगळी पोरं वाढत होती. ती म्हणाली, आम्ही मॅच झाल्यावर जेवू.

प्रल्हादची आई भिकुबाई पातेलं घेऊन रांगेतून फिरत होती. "खाय रे भाऊ, खाय. खेयाचं हाये ना तुले, ताकद नको का?" असं म्हणून तिने अभिमनच्या ताटात भरिताचा तिसरा ढीग घातला. नको म्हणायची सोय नव्हती. ताटावर आडवा हात धरला तर ती हातावर वाढायची. मगन, संघातला दोन नंबरचा गडी, त्याने सदऱ्याची खालची बटणं सोडली.

महावीरच्या घरात वांगं नाही, कांदा नाही, लसूण नाही. तो दोन पुऱ्या आणि गुळाचा खडा घेऊन बसला होता आणि सगळ्यांच्या ताटांकडे बघत होता. चौथा ढीग. पाचवी भाकरी. त्याचा पाय हलायला लागला. हे असंच चाललं तर वीस गुण कुठले, हे पळतील तरी का? तो अभिमनच्या कानाशी लागला. "अभिमन, पुरे कर. दोन तासांत मॅच आहे."

"ताटमा भरीत सोडीसन उठनं म्हंजे पाप शे, शेठ," अभिमन घास गिळत म्हणाला. "पाप!"

आठ जणांचा संघ. सात जण हात धुवायला उठले ते गाभण म्हशीसारखे सावकाश. बोरसे सरही त्यांच्यातच होते. त्यांना दोष कसा द्यायचा, त्यांनाही भिकुबाईनंच वाढलं होतं.

जळगावचं मैदान सिमेंटचं, नवं कोरं. कडेनं खुर्च्या, खांबांवर दिव्यांच्या माळा. पाहुण्यांच्या भाषणांत अर्धा तास गेला आणि शिट्टी वाजली तेव्हा साडेचार झाले होते. महावीरनं बाकावरून पाहिलं, समोरच्या रांगेत काळी टोपी, धोतर, मांडीवर कापडी पिशवी. बाऊजी आले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना जळगावचे दोन-तीन कापसाचे व्यापारी.

महावीर ताडकन उभा राहिला. बसलेला दिसता कामा नये! तो मैदानाच्या रेघेबाहेरून पळायला लागला. धुळ्याचा संघ पुढं गेला की हा कडेनं पुढं, मागं आला की मागं. हात वर करून ओरडायचा, मधेच वाकून बुटाची नाडी बांधायचा, कपाळ पुसायचा. कांतीलालशेठना या खेळातलं काही कळत नव्हतं. त्यांना वाटलं, कडेनं पळणारा असाही एक गडी असेल, क्रिकेटमध्ये दोरीपाशी असतो तसा. त्यांनी शेजाऱ्याला बोटानं दाखवलंसुद्धा. पण थोड्या वेळानं पंच शिट्टी वाजवत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ए, तू बस रे! बाकावर बस!"

महावीर बसला. समोर बघायची त्याची हिंमत झाली नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा समजलं.

खेळ इकडे चालूच होता. पहिली दहा मिनिटं धुळे पुढं. अभिमन नुसता हात वर करायचा आणि चेंडू रिंगेत सोडायचा. बारा गुणांनी वर गेले, चौदा झाले. महावीर मनात मोजत होता, अजून सहा, अजून सहा. आणि मग भरितानं आपला गुण दाखवला. आधी मगन पोटाला हात लावून थांबला. मग दुसरा मागं राहायला लागला. जळगावची पोरं सकाळपासून उपाशी, ती वाऱ्यासारखी पळत होती. चौदाचे आठ झाले, आठाचे तीन. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा धुळ्याचे गडी बाकावर येऊन पडले आणि पाणीसुद्धा मागेनात, कारण पाण्याला जागा नव्हती.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. बोरसे सरांनी एकेक गडी बदलून पाहिला, पण बदली गडीही त्याच पंगतीतले. एक जण खांबामागे जाऊन ओकून आला. सूर्य खाली गेला होता. महावीरनं न राहवून समोर पाहिलं. सव्वापाच होऊन गेले असतील. आता बाऊजी उठतील. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. उठले नाहीत.

गुण सारखे झाले. शेवटची पाच मिनिटं. अभिमन वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. त्याने बाकाकडे पाहिलं. "सर! मगनले काढा. हाऊ शेठच खरा शे, त्याना पोटमा काहीच नही. ऊठ रे महावीर! आते तूच पय!"

सरांनी मान हलवली. महावीर उठला. चार वर्षांनंतर त्याने ती पांढरी रेघ ओलांडली.

आणि काय पळाला! त्याला कोणी शिकवलं नव्हतं असं पळाला. जळगावच्या गड्याच्या हाताखालून त्याने पहिलाच चेंडू काढून घेतला आणि अभिमनकडे फेकला. अभिमननं उभ्या उभ्या आत टाकला. पुन्हा चेंडू काढला, पुन्हा अभिमन. लोक विचारायला लागले, हा बुटका कोण? महावीरला काही ऐकू येत नव्हतं. अंगातली सगळी तगमग पायांत उतरली होती आणि त्याला इतकं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं. जळगावनंही गुण केले, पण धुळे एका गुणानं पुढंच होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या मिनिटाला धुळे पुढं होतं. अभिमन ओरडला, "चेंडू धरी ठेव! फक्त धरी ठेव!"

तेवढ्यात मैदानाच्या मधोमध जळगावच्या गड्याच्या हातून चेंडू निसटला आणि महावीरच्या हातात आला. समोर मावळतीचं आभाळ लालभडक झालं होतं. त्यात एक खांब, त्यावर एक रिंग. मधे कोणी नाही. चेंडू हातात आला की तोंड मावळतीकडे. रोजची संध्याकाळ, चार वर्षं. बाकीच्यांचे पाय मॅचा खेळून खेळून बाजू बदलायला शिकले होते. महावीरच्या पायांना कोणी कधी मॅच खेळू दिली होती? मागून अभिमनची आरोळी आली, ती त्याला शाबासकी वाटली. तो सुसाट निघाला, डोळे बारीक केले, उडी मारली आणि चेंडू अलगद सोडला. कड्याला जरासुद्धा धक्का न लागता तो आत पडला.

सगळं जळगाव उभं राहिलं. टोप्या उडाल्या, शिट्ट्या, टाळ्या, नुसता गजर. महावीर दोन्ही हात वर करून वळला. त्याला आपल्या संघाचे चेहरे दिसले. अभिमन कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता. बोरसे सरांनी डोक्याला हात लावला होता. मग त्याने मान वळवून रिंगेकडे पाहिलं, गुणफलकाकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. धुळ्याची रिंग. आपण आपल्याच रिंगेत टाकला. हात खाली घ्यायचेसुद्धा त्याच्या लक्षात राहिले नाहीत.

उरलेल्या क्षणांत काही झालं नाही. शिट्टी वाजली. धुळे एका गुणानं हरलं.

अभिमन ताडताड चालत आला. असा संतापलेला अभिमन कोणी पाहिला नव्हता. महावीर मान खाली घालून उभा राहिला. मारलं तर बरं, असंच त्याला वाटत होतं. पण अभिमनच्या आधी दुसरंच कोणी पोचलं. कांतीलालशेठ चपला रेघेबाहेर काढून, धोतराचा सोगा हातात धरून, जवळजवळ पळत मैदानात आले होते. तोंड सुकलेलं, ओठ कोरडे पडलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की महावीरनं तो दिवाळीलाही कधी पाहिला नव्हता.

"परगावात एवढ्या टाळ्या!" ते म्हणाले. "सगळं जळगाव उभं राहिलं रे तुझ्यासाठी! मी सगळ्यांना सांगितलं, हा माझा मुलगा." मग अभिमनकडे वळून, "तू कप्तान ना? कसा खेळला आमचा महावीर?"

अभिमननं एकदा महावीरकडे पाहिलं, एकदा त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाकडे. मूठ वळलेली होती ती त्याने सोडली. "काका," तो म्हणाला, "तुम्हना पोऱ्या भलता पयना. आम्हना बठ्ठास्मा पुढे तोच व्हता."

"मग जिंकलो ना आपण?"

मगन दुसरीकडे बघायला लागला. दिवे लागले होते आणि जळगावची पोरं पलीकडे प्रल्हादला खांद्यावर घेऊन नाचत होती. महावीरच्या मनात आलं, हे असंच राहू दे. सगळ्यांनी झाकलंय, आपणही झाकू. आणखी एकदा, शेवटचं. पण ब्याळू चुकवून बसलेल्या बाऊजींच्या कोरड्या ओठांकडे त्याचं लक्ष गेलं आणि ते त्याच्याच्यानं होईना.

"नाही बाऊजी. हरलो. माझ्यामुळं हरलो. तो चेंडू मी आपल्याच रिंगेत टाकला, म्हणून जळगाव टाळ्या वाजवत होतं." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "आणि मी चार वर्षांत कधीच खेळलो नाही. ते सहा गुण, ते सगळं खोटं होतं. मी नुसता बसून होतो. आज पहिल्यांदा उठलो, आणि यांचं सगळ्यांचं वाटोळं केलं."

कांतीलालशेठनं धोतराचा सोगा खाली सोडला. आनंद चेहऱ्यावरून उतरायला थोडा वेळ लागला. "हं," ते म्हणाले.

महावीरला वाटलं, झालं, संपलं. तो "हं" आला.

कांतीलालशेठनं एकदा त्या मावळतीकडच्या रिंगेकडे पाहिलं. मग बोरसे सरांकडे वळून त्यांनी हात जोडले. "सर, हा पळाला कसा? नाही, ते रिंगेचं सोडा. पळाला कसा?"

बोरसे सर खरं बोलले. "शेठ, या मुलाला मी चार वर्षं बसवून ठेवलं, ही माझी चूक. असा पळणारा गडी माझ्याकडे दुसरा नाही."

"पुढच्या वर्षी खेळवाल?"

"आता कसलं पुढचं वर्ष? शेवटचं वर्ष त्याचं. उन्हाळ्यात पास होऊन जाईल. हुशार आहे."

"तीच तर अडचण आहे," कांतीलालशेठ म्हणाले. त्यांनी चार बोटांनी कपाळ चोळलं, मोठा सौदा करायच्या आधी चोळत तसं. "आमच्यात तोट्यावर दुकान मिटवत नाहीत सर. गादी काही पळून जात नाही, अजून वर्षभर मी बसू शकतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला यातलं काही समजत नाही, म्हणून विचारतो. कॉलेजात नापास व्हायचं असेल तर काय करावं लागतं?"

महावीर बापाकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पुसावं हेही त्याला सुचलं नाही.

उत्तर दिलं ते अभिमननं. त्याने आपला लांबलचक हात महावीरच्या मानेभोवती टाकला आणि त्याला जवळ ओढलं.

"ते मन्हावर सोडा, काका," तो म्हणाला. "मी दोन डाव नापास व्हयेल शे. बठ्ठं शिकाडसू त्याले."